मंडपातून कानबाई

ही गेल्यापासून घरी ऐकायला कोणी नाही, म्हणून धुळ्याच्या बसमध्ये ऐकलेलं लिहून ठेवतो. पुढच्या बाकावर मांडीवर नकाशा उघडून बसलेला तरुण इंजिनिअर आणि त्याच्या गावच्या भिकुबाई होत्या.

"अक्का, हा नदीकाठचा मंडप. काँक्रीटचे खांब, लोखंडी तुळई, सागाचे बाक."

"मस्त शे. विसर्जनले कानबाई याच मंडपमाईन जाई ना?"

"हो, वाट तीच."

"डोकावर कानबाई, वर तुळई. मंग?"

"थोडं वाकायचं."

"देवी डोकावर लिसन कोनी वाकस का? औंदा तुनी मायच लेई. तिले सांग, वाक म्हणीसन."

"नको अक्का! तुळई वर घेतो. पण मग झड आत येईल, बाक भिजतील."

"भिजू दे. श्रावणमा नदीवर बठ्ठा लोके वल्लाच ऱ्हातस."