मूठभर मुळं, पिंपभर माती

आदरणीय अध्यक्षा मायी नाचिसाले, व्यासपीठावरचे पास्टर फुंगुलानी, आज रोपवाटिकेतून निवृत्त होणारे आपले वडीलधारे बाम्बो लायसन म्बेवे, आणि आपल्या लिंबे शहरातल्या माझ्या बंधुभगिनींनो, एनेलेस न्यिरोंगोचा सर्वांना नमस्कार.

माझे सासरे अंध. न्चेऊ गावातली त्यांची संत्र्याची बाग नव्या रस्त्यात गेली, आणि त्यातलं एकच कलम उराशी धरून ते आमच्या सिमेंटच्या अंगणात राहायला आले. मी काय केलं? बाजारातलं सगळ्यात मोठं पिंप आणलं. माया करायची तर हात आखडता का घ्यावा?

महिन्याभरात पानं पिवळी पडून गळू लागली. सासरे रोज झाडावरून बोटं फिरवायचे. ते उठायच्या आत मी गळलेली पानं झाडून लपवायचे. पण असं किती दिवस लपवणार?

शेवटी बाम्बोंना घरी आणलं, लपवलेल्या पानांचंही सांगितलं. त्यांनी कलम उपसलं. अर्धी मुळं काळी, कुजका वास.

"मायी, एवढ्याशा पोरापुढे हंडाभर मक्याचा न्सिमा वाढलात. ते खाणार किती? मुळांनी पिऊन उरलेलं पाणी मातीत साचतं आणि मुळं कुजवतं."

कुजकं कापून त्यांनी कलम भोकं पाडलेल्या बादलीत लावलं. मुळांभोवती फक्त दोन बोटं जागा. म्हणाले, "मुळं दाटली की एकच माप मोठी कुंडी. उडी नको."

"आणि मेलं तर?"

"तर सासऱ्यांना मी सांगेन. पण पानांचं तुम्ही आजच सांगा."

सांगितलं. सासरे म्हणाले, "सूनबाई, डोळे गेलेत, कान नाही गेले. पहाटेचा झाडू रोज ऐकतोय. तू रडशील म्हणून गप्प होतो."

चाळीस दिवस मी रोज बादलीत डोकावत होते. मग कोंब फुटला, तोही आधी त्यांच्याच बोटांना लागला. तिसऱ्या वर्षी सात संत्री आली. "आंबट आहे," म्हणाले, आणि एकही फोड कुणाला दिली नाही.

आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द वाकडा गेला असेल, तर पोटात घाला.

आणि बाम्बो, झाडाला आता कुंडी पुन्हा अपुरी पडतेय. दोन आणून ठेवल्यात, एक मापाने मोठी, दुसरी त्याहून मोठी; चारदा मोजल्यात, तरी ठरत नाही. उद्या तुमची करोंगाला जाणारी बस सुटायच्या आधी जरा येऊन... काय म्हणालात? तुम्हीच ठरवा?

बरं. लहान. लहानच घेते.