डावखुरी रायफल

बायको गेल्याचा फोन आला, त्या दिवसापासून तिची नेमबाजीची रायफल पेटीतच होती. आज तो ती विकायला दुकानात आला, तेव्हा पुढे एक मावशी आणि भाची उभ्या होत्या.

"मावशी, आधी मोठी दुर्बीण घेऊ या!"

"घोडं नाही तोवर खोगीर कशाला, बाई?"

"मी डावखुरी आहे हं."

"डावखुरी रायफल मागवावी लागेल," दुकानदार म्हणाला. "सहा महिने लागतील."

"तोवर उजवीने मारते की!"

"मार, पण शेजाऱ्यांच्या खिडक्या सांभाळ."

मागून पुढे होत त्याने बायकोची पेटी उघडली. "ही डावखुरीच आहे. बघ."

"खांद्याला मस्त बसली, काका! पण हिच्यावरच्या दुर्बिणीतली नेमाची फुली धूसर दिसतेय."

"आधी वापरणाऱ्याच्या नजरेला जुळवलेली असेल," दुकानदार म्हणाला. "दुर्बिणीची मागची कडी फिरव, तुझ्या नजरेला जुळेल."

"फिरवू, काका?"

"रायफल तुझीच," तो म्हणाला.

कडी फिरवायला मात्र त्याने अजून हो म्हटलं नव्हतं.