पळत नाही हो, चढते!

...आणि पहिला प्रश्न काय विचारावा माणसाने? "किती पळते?" अरे! मी अजून गाडी पिशवीतून बाहेर काढलेली नाही, रिमोटला हात लावलेला नाही, आणि लिफ्टमध्ये भेटेल तो तेच... "वा, दिपेश, रिमोटची गाडी? किती पळते?" वॉचमन तेच, दूधवाला तेच, ऑफिसातला साहेब तेच! आणि मी प्रत्येकाला, अगदी शांतपणे, हात जोडून सांगतो... पळत नाही हो, चढते!

तुम्हाला सांगतो, चेहरा असा पडतो समोरच्याचा! जसं काही मी जिलेबी म्हणून कारलं दिलं. "पळत नाही? मग काय उपयोग?" आता काय सांगू मी या लोकांना? अहो, ही दगडावर चढणारी गाडी आहे. क्रॉलर म्हणतात हिला. असते एवढीशी, मांजराएवढी, पण दगड दाखवा, विटांचा ढीग दाखवा, आमच्या कोपर स्टेशनाबाहेर काँक्रीटसाठी खोदून ठेवलेला रस्ता दाखवा... एक चाक वर टाकणार, थांबणार, विचार करणार, मग दुसरं टाकणार. सपाट रस्त्यावर मुंगी हिला ओव्हरटेक करून जाते, मान्य आहे! पण ती मुंगी जिथे वळसा घालते ना, तिथून ही सरळ वर जाते. कळलं? नाही कळलं. कोणालाच कळत नाही.

आता हे खूळ नवीन नाही हं माझं. लग्नाच्या आधीपासूनचं. तेव्हा आमच्या कल्पिताताईची कृतिका एवढीशी होती, तिची बाहुली मी गाडीत बसवायचो आणि उशांचा डोंगर करून वर चढवायचो, आणि ही पोरगी खाली बसून टाळ्या! मग माझं लग्न झालं, संसार झाला, पोरगी झाली, ईएमआय झाला... आणि गाडी गेली माळ्यावर, पितळी परातीच्या मागे. गेली ती गेलीच. यंदा दिवाळीची साफसफाई काढली आणि परात ओढली तर मागून गाडी माझ्याकडे बघतेय! टायर हे असे कडक, शंकरपाळ्यासारखे. बॅटरी फुगलेली. एक आरसा गायब. आणि मी, साहेब, शिडीवरच बसलो, झाडू हातात, डोळ्यांत पाणी. खालून निशा, म्हणजे आमची सौभाग्यवती, ओरडतेय, "अहो, पाल आहे का?" म्हटलं, नाही गं... लाडकी आहे.

इथे चुकलं माझं. शब्द निवडायला चुकलो.

पण निशा बिचारी चांगली आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण तीही ऐकत असेल. तिचा पाटा-वरवंटा मी बाल्कनीत नेला, का, तर वरवंट्यासारखा दुसरा दगड नाही सरावाला, गोल, गुळगुळीत, चाक टिकतच नाही त्याच्यावर! तर ही म्हणाली, "मी चटणी कशावर वाटू?" म्हटलं मिक्सर आहे की. तर म्हणे, "तुम्हाला पण टीव्ही आहे की!" तिचं नेलपेंट मी बंपरला लावलं. तिच्या केसांचे रबर मी सामान बांधायला घेतले. सोल्डरिंगच्या वासाने आमच्या वरणाला एक वेगळीच फोडणी बसायला लागली. फक्त तिच्या बहिणीला फोनवर सांगत होती, "अगं, दुसऱ्यांचे नवरे या वयात गुडघे बदलतात, आमचे टायर बदलतायत."

टायर मिळाले ठाण्याला. खोपटला, एसटी डेपोच्या मागे, एका जिन्याखाली नयन नावाच्या पोराचं दुकान आहे. पोरगा म्हणजे तिशीचा, दाढी छातीपर्यंत, आणि बोलताना सुईत दोरा ओवल्यासारखे डोळे बारीक करून बोलतो. "काका, ही गाडी? ही तर म्युझियममधली आहे, काका!" मी म्हटलं, काकालाही तिथेच ठेव. पण तुम्हाला सांगतो, त्या पोराने गाडी हातात घेतली, चाक फिरवून पाहिलं... आणि एकदाही विचारलं नाही, किती पळते! मला तर वाटलं तिथेच उठून मिठी मारावी.

मग रविवारी त्या पोरांबरोबर येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी जायला लागलो. सगळी पोरं दगडांसमोर उकिडवी बसलेली, आणि मी एकटा, गुडघ्याखाली निशाने दिलेली उशी. आणि तिथलं जग उलटं, साहेब! तिथे गाडी जेवढी हळू तेवढा मान मोठा. मला पहिल्या दिवशी नयन म्हणाला, "काका, वाईट नका वाटून घेऊ, पण तुमची गाडी फार पळते." मी दोन दिवस जेवलो नाही नीट! आणि तिथला एकच कायदा, गाडीला हात लावायचा नाही. अडकू दे, लटकू दे, उलटी होऊ दे, रिमोटवरच सोडवायची. हात लावला की संपलं, सगळे मान फिरवतात, जसं काही तुम्ही पंगतीत चपला घालून आलात. ते इतकं अंगात भिनलं ना, की घरी सोफ्याखाली गाडी अडकली तर निशा म्हणते, "काढू?" मी ओरडतो, "हात लावायचा नाही!" ती झाडू घेऊन उभी, मी रिमोट घेऊन आडवा.

आणि अशातच आली कृतिका. तीच ती, बाहुलीवाली. साखरपुडा ठरलेला. मुलगा सर्वेश, कल्याणच्या पुढचा, चांगलं मोठं भूमिपुत्रांचं घर, दारात चार गाड्या आणि एक बैल. म्हणाली, "मामा, सर्वेशसाठीची अंगठी तुझ्या गाडीतून स्टेजवर आली पाहिजे. उशांवर चढायची तश्शी." आता अशा वेळी मामा काय म्हणणार? लगेच हो म्हटलं. ताई मात्र बाजूला घेऊन म्हणाली, "दिपू, सोयरिकीतला पहिला कार्यक्रम आहे. माझं नाक तुझ्या हातात आहे." म्हटलं, ताई, निर्धास्त राहा.

नयनला विचारलं, स्टेजला पायऱ्या आहेत, चढेल ना? तो म्हणाला, "काका, पायऱ्यांना आणखी हळू गिअर टाका, डोळे मिटून चढेल." टाकला! आदल्या संध्याकाळी बसून टाकला. वरवंट्यावर चढवून पाहिली, घोरपडीसारखी चिकटून गेली. मी खूश, वरवंटा खूश. पायऱ्यांचा विचार केला हो मी... मांडवाचा नाही केला!

तो मांडव! अरे, त्यांच्याकडे साखरपुडा म्हणजे अर्धं गाव. दारापासून स्टेजपर्यंत लाल गालिचा, इथून निघाला तो पार तिकडे धुक्यात दिसेनासा. डीजेवाला पोरगा कानावरचा हेडफोन काढून विचारतो, "अंकल, एन्ट्री किती सेकंदांची?" मी म्हटलं, सेकंद? तो म्हणाला, "किती पळते ते सांगा ना, म्हणजे गाणं कापतो." पळत नाही रे बाबा... चढते!

त्यात सर्वेशची आत्या आली, बायजाआत्या. हिरवी साडी, अंगावर सोनं, आवाज असा की डीजेने तिच्याकडून शिकावं. "नवी गारी हाय? मंग पूजा नाय केली ती?" झालं! हळद आली, कुंकू आलं, गाडीपेक्षा मोठा झेंडूचा हार आला, समोर नारळ फुटला, आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. "चालव रं मामा!" आता मला सांगा, मऊ टायर, हलकी गाडी, त्यात नवा गिअर... लिंबू फुटेल? गाडी आली, चाक लिंबाला लागलं, वर चढलं, आणि अलगद पलीकडे उतरली. लिंबू जसंच्या तसं! कोणीतरी पुटपुटलं, "लिंबू नाय फुटला..." ताईचा चेहरा पांढरा. आणि बायजाआत्या कमरेवर हात ठेवून खाली वाकली, लिंबू पाहिलं, गाडी पाहिली, आणि म्हणाली, "अगो बाय, लिंबावर चरली ही! कवरी गरीब गारी, लिंबाला पन दुखवला नाय." मी तिथेच त्या बाईच्या पाया पडलो. पळत नाही, चढते, हे न सांगता कळलेली, नयनची पोरं सोडली तर, पहिली व्यक्ती!

मग निघाली. टपावर अंगठीची डबी, निशाच्या केसांच्या रबराने बांधलेली. डीजेने धूर सोडला, गाणं लावलं, लोक उभे राहिले, टाळ्या, मोबाइल वर... आणि गाडी निघाली. निघाली म्हणजे... निघाली. धूर विरला, गाडी तिथेच. म्हणजे तिथेच नाही हो, चालत होती, पण ते जवळ बसून पाहावं लागतं! एक गाणं संपलं. दुसरं लागलं. लोक खाली बसले. फोटोवाला गालिच्यावर आडवा होऊन शूटिंग करत होता, तो डुलक्या घ्यायला लागला. मागच्या रांगा जेवायला गेल्या आणि बासुंदी पिऊन परत आल्या, गाडी अजून तिसऱ्या खांबाशी! भटजी माइकवरून, "मुहूर्त टळतोय... यजमान... मुहूर्त..." निशा कानाशी, "अहो, जरा दाबा ना!" अगं, दाबलेलंच आहे! याच्या पुढे काही नाही!

शेवटी विठ्ठलशेठ उठले. विठ्ठलशेठ म्हणजे मुलाचे वडील, पांढरे कपडे, भारदस्त माणूस. चांगल्या मनाने उठले हो, पायऱ्यांशी आलेली गाडी उचलून वर ठेवावी म्हणून वाकले... आणि माझ्या तोंडून, सवयीने, साऱ्या मांडवासमोर, "हात लावायचा नाही!"

डीजे बंद. पंखे बंद झाल्यासारखे वाटले. मुलीच्या मामाने मुलाच्या बापाला दम दिला, साखरपुड्यात, पहिल्याच कार्यक्रमात! ताईने पदर तोंडाला लावला. स्टेजवर कृतिका उभी, डोळे माझ्यावर. मला वाटलं, गेलं. ताईचं नाक गेलं, पोरीची सोयरीक गेली, एका गिअरपायी! रिमोट घामाने निसटत होता. विठ्ठलशेठ वाकलेले तसेच, माझ्याकडे बघतायत. आणि बायजाआत्या कडाडली, "ए विठ्ठल, हो मागं! ती चरंल!"

आता काय? चढवायलाच हवी. मी सिल्कचा कुर्ता घालून गालिच्यावर पोटावर आडवा झालो. अहो, चाक दिसायला नको? कोणीतरी धावलं, "मामांना चक्कर आली, कांदा आणा!" नाकाला कांदा, हातात रिमोट, समोर पायरी. पुढचं चाक लावलं. घसरलं. गाडी मागे आली, डबी हलली, मांडव "आईगं" म्हणाला. तिरकी घेतली, एक चाक पायरीला, एक हवेत... थांबलो. श्वास घेतला, कांद्याचा. हळूच दाबलं. आणि बायजाआत्या सुरू झाली, "चर गो बाय... चर!" मग तिच्या मागे बायका, मग पोरं, मग डीजेवाला माइकवर, मग, खोटं नाही सांगत, भटजी! सगळा मांडव एका तालात, "चर! चर! चर!" आणि चढली! पहिली पायरी, दुसरी, शेवटची... हार ओढत, मान डोलवत वर आली, आणि स्टेजवर सर्वेश, होणारा जावई, तो केव्हापासून उकिडवा बसलेला, हात पुढे केलेला, पण डबीला शिवत नाही. माझ्याकडे बघून हळूच विचारतो, "मामा... आता लावू का हात?"

म्हटलं, लाव रे बाळा. रडलो मी. कांदा होता नाकाशी, म्हणून कोणाला कळलं नाही. विठ्ठलशेठनी मला स्वतः उठवलं, मानाची टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "मामा, असा कारेक्रम आमच्या गावान कवा झाला नाय!" ताईचं नाक जागेवर. पोरगी सुखात.

इथे संपायला हवं होतं ना? पण तो व्हिडिओ फिरला हो. आता तुम्हाला सांगतो, कल्याणपासून दिव्यापर्यंत ज्याच्या घरी हळद, ज्याच्या घरी साखरपुडा, त्याला मामाची गाडी हवी! "हात लावायचा नाही" असं मी एकदा ओरडायचं, ही पण फर्माईश! बुकिंग निशा घेते, डायरीबियरी काही नाही, सगळं तोंडपाठ. रविवार गेले. येऊरचा दगड पाहून किती दिवस झाले... नयन फोन करतो, "काका, येताय ना?" मी म्हणतो, नाही रे, मुहूर्त आहे. आणि परवा हळदीचं आमंत्रण घेऊन एक पार्टी घरी आली. मी गाडी पुढे ठेवली, घसा साफ केला, तयारीत बसलो, की आता विचारतील, आणि मी सांगेन... तर नाहीच! कोणी विचारलंच नाही किती पळते. मुलाचा काका गाडीकडे बघून म्हणाला, "मामा, चरते ती आमाला ठाव हाय. पन हळदीन डीजे असतो... नाचते का?"

काय करणार... खोपटहून मऊ स्प्रिंगा आणून टाकल्यात.