सागवानी घराची वाटणी

पाक लुरा : म्हणजे दोन्ही गाई लास्मिनीच्या, मोटरसायकल पार्नोची. इथवर भांडण नाही ना? बरं. आता राहिलं घर.

पार्नो : घर उतरवायचं, पाक लुरा, खांब-फळ्या सुट्या करून विकायच्या. लाकडाचा व्यापारी सोमवारी माणसं घेऊन येतोय. बालीत कुठलंसं हॉटेल उभं राहतंय, त्यांना असलीच जुनी सागवानी घरं हवीत. पैसे येतील ते निम्मे-निम्मे. जमीन तिच्या बापाची, ती तिलाच.

लास्मिनी : परस्पर सौदा करून मोकळेही झालात?

पार्नो : सौदा कसला, नुसती बोलणी. ट्रकचं कर्ज डोक्यावर आहे, ते कशातून फेडायचं? वसुलीवाला सारखा येतो.

लास्मिनी : येतो तो माझ्या दारात. तुम्ही असता सेमारांगला.

पाक लुरा : हे बघा, मी गावचा प्रमुख, न्यायाधीश नाही. तलाक कोर्टात झाला, तो इथे पुन्हा उकरू नका. लग्नानंतर मिळवलं ते दोघांचं आणि फेडायचं तेही दोघांचं, एवढंच मला ठाऊक. घर दोघांनी मिळून घेतलं होतं ना?

लास्मिनी : हो. यांच्या ड्रायव्हरकीचे पैसे आणि माझे तंबाखूच्या मजुरीचे. वोनोगिरीहून खांब सुटे करून आणले. उभं केलं त्या दिवशी गावाला जेवण होतं, तुम्हीही होतात.

पाक लुरा : होतो तर! फणसाची भाजी दोनदा मागून घेतली होती. पार्नो, एक विचारतो. घर उतरवल्यावर तुझी आई कुठे जाणार?

पार्नो : माझ्याबरोबर. सेमारांगला.

लास्मिनी : त्या भाड्याच्या खोलीत? तुम्ही आणि तुमची नवी बायको, आता तिला दिवस गेलेत, त्यात आई?

पार्नो : होईल काहीतरी.

लास्मिनी : अहो, डोळे गेल्यापासून आई या घरात कुणाला हात धरू देत नाहीत. खांब चाचपत विहिरीपर्यंत जातात. चुलीत लाकूड सारतात, नमाजाची चटई स्वतः अंथरतात. परक्या खोलीत त्यांना नुसतं खाटेवर बसवून ठेवाल.

पार्नो : माझी आई आहे ती! मला कळत नाही?

पाक लुरा : तिला सांगितलंस, तुमचं मोडलं म्हणून?



लास्मिनी : त्यांना वाटतं, लेक लांबच्या भाड्यावर गेलाय. भात वाढला की विचारतात, त्याचा झाकून ठेवलास ना?

पाक लुरा : अरे देवा.

लास्मिनी : घर उतरवू नका. तुमचा वाटा मला सोडा. त्या बदल्यात कर्ज मी फेडते. सगळं.

पाक लुरा : बाई, शुद्धीवर आहेस ना? घराच्या अर्ध्या वाट्याहून ते कर्ज जड आहे.

लास्मिनी : ठाऊक आहे. गाई विकीन. पुढं हंगाम आहेच.

पार्नो : मला गावात मान खाली घालायला लावायचीय तुला. दुसरं काही नाही.

लास्मिनी : तुमच्यासाठी करतच नाही मी हे. लग्न झालं तेव्हा मला आई नव्हती. माझं पोटातलं मूल गेलं, तेव्हा तुमच्या आईंनी मला कुशीत घेऊन झोपवलं. तुम्ही गाडीवर होतात.

पार्नो : म्हणजे आता आम्हाला मूल होतंय, ते...

लास्मिनी : ते सुखरूप होऊ दे. त्याचं यात काय?

पाक लुरा : पार्नो, बोल. कबूल?

पार्नो : व्यापाऱ्याला काय सांगू?

पाक लुरा : सांग, घरात माणसं राहतात.

पार्नो : ...कबूल. पण आईला कोण सांगणार?

लास्मिनी : तुम्हीच. पण आल्या आल्या नका सांगू. आधी जरा जवळ बसा.

पार्नो : आणि पुढे कधी तिला भेटावंसं वाटलं तर? घर तर तुझं झालं.

लास्मिनी : या की. पुढच्या दारानं या, पाहुण्यासारखे. आईंच्या शेजारी चहा आणून ठेवीन. दोघांपुरता.