तांबडं औषध

अध्यक्षमहाराज, वहिनीसाहेब आणि राजारामपुरीतल्या दवाखान्याच्या बाकावर कधी ना कधी बसलेल्या मंडळींनो,

मला भाषण येत नाही. सातवीपर्यंत शिकलोय. त्यात सकाळपासून छातीत धडधडतंय. आधीच्या तिघांनी डॉक्टरसाहेब आमदार, मंत्री आणि राज्यपाल कसे झाले ते सांगितलं. मी दत्तोबा, त्यांचा कंपाउंडर. औषधाच्या बाटलीला डोसाची कागदी पट्टी चिकटवणारा. मला ठाऊक आहे तेवढंच सांगतो.

मंडळी, मी भित्रा माणूस. दर आठवड्याला वाटायचं, आज काही आपण जगत नाही. साहेब माझी नाडी धरायचे. घड्याळाकडे बघत पुरी दोन मिनिटं. मग म्हणायचे, "दत्तू, तुला काय झालेलं न्हाई. तांबडं औषध घे."

आता ते तांबडं औषध करायचं कोण? मीच. साखरेचा पाक, पाणी आणि रंग. मला सगळं माहीत होतं. तरी उतार पडायचा. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "गप पी की. स्वतःच करतोस आणि स्वतःच नावं ठेवतोस व्हय?"

मंत्री झाले तरी साहेबांची सवय सुटली नाही. कुणी अर्ज दिला की त्यावर लिहायचे, 'तीन दिवसांनी परत दाखवा.' कचेरीतले लोक चक्रावायचे. आपली माणसं मात्र बरोबर तिसऱ्या दिवशी हजर. जयसिंगपूरचे एक पाहुणे तर अर्जाबरोबर रिकामी बाटलीही घेऊन गेले होते.

मग साहेब राज्यपाल होऊन परराज्यात गेले आणि माझी पंचाईत झाली. औषध घरी करून प्यायलो. गुण येईना. रंग वाढवला, तरी येईना. शेवटी दोन दिवस रेल्वेत बसून राजभवन गाठलं. दारात लष्करी अधिकारी. काम काय, म्हणाला. म्हटलं, नाडी दाखवायची आहे. त्यानं मला दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं.

साहेब स्वतः बाहेर आले. पायरीवर बसले, मला बसवलं, मनगट धरलं. अधिकारी शेजारी ताठ उभा. दोन मिनिटं कुणी हललं नाही. "एवढ्यासाठी आलास व्हय रं? काय झालेलं न्हाई तुला. जेवून जा."

गेल्या महिन्यात साहेबांनी अंथरूण धरलं. मंगळवार पेठेतल्या घरी भेटायला गेलो, तर त्यांनीच हात पुढं केला. "दत्तू, बघ रं जरा."

नाडीतलं मला काय कळतंय? पण धरली. घड्याळाकडे बघत पुरी दोन मिनिटं धरली. म्हटलं, "साहेब, तुम्हाला काय झालेलं न्हाई."

ते हसले. "मग तांबडं आण की."

करून नेलं. वहिनीसाहेबांनी चमच्यानं पाजलं. साहेब म्हणाले, "गोड लई केलंस."

तेच शेवटचं बोलणं. आता माझी नाडी कोण बघणार, या काळजीनं मला झोप नाही. तुमच्यातल्याही पुष्कळांना नसेल.

तेव्हा आता दोन मिनिटं उभे राहूया. हात जोडू नका. शेजारच्याचं मनगट धरा. अध्यक्षमहाराज, तुमच्याकडं घड्याळ आहे. माझं तेवढं तुम्ही धरा. आणि दोन मिनिटं झाली की साहेब म्हणायचे ते मला सांगा.