तीन मंडळं अन् एक वाळलेलं झाड

...नाई, पण मी म्हणते, झाड पडाले टेकलं हे दिसाले काय कायदा शिकाव लागते? तुमाले सांगते, मी नूतन, अंगणवाडीची बाई, सतरा वर्षं झाली याच गावात लेकरं सांभाळून राह्यली. अंगणवाडीच्या मागं ऐनाचं झाड. वाळलं. वाळलं तं वाळलं, सरळ छपराच्या कवेलूवर वाकलं! खाली अठरा लेकरं! वारा आला का थे झाड कुरकुर करते अन् मी लेकरायले दाराजवळ घेते. माहा नवरा, श्रीहरी, कुऱ्हाड घेऊन निघाला तं वनरक्षक आडवा, "एक घाव घातला तं केस करीन!" बरं बावा, मंग तुमी तोडा! तं म्हणते कसा, "जागा महसूलची हाय बाई. ते आमच्या अधिकारात नाई."

मंग शाळेचे सुनिल सर, वरोऱ्याचे, लई शुद्ध बोलतात, थे म्हणाले, "नूतनताई, राज्यघटनेनं सत्ता तीन मंडळांत वाटली आहे. कायदेमंडळ कायदा करतं, कार्यकारी मंडळ राबवतं, न्यायमंडळ न्याय देतं. कुणी कुणाच्या कामात ढवळाढवळ करायची नाही." आता आमच्या झाडीपट्टीत मंडळ म्हटलं का नाटकाचं मंडळ! राजा, परधान, कोतवाल, ज्याची एन्ट्री त्यानंच बोलाव. मले पटलं जी! अन् बाजाराच्या दिवशी तालुक्याले गेली तं समोर पाटी... 'मंडळ अधिकारी'! म्हटलं, भेटलं! घुसली आत, "साहेब, तुमीच ना थे कार्यकारी मंडळ?" थो माणूस हसला, इतका हसला का चहा सांडला, कुठी? माह्याच अर्जावर! "बाई, मी महसूलचा. सातबारा पाहतो. जागा आमची, पण झाड जंगलाचं. ते आमच्या अधिकारात नाई."

मंग गावात खासदार आले. मी त्यायले हार घातला अन् हार घालता घालता झाड दाखवलं. "बाई, आमी दिल्लीत कायदे करतो! झाडाचा कायदा चांगला कडक हाय. पण राबवाचं काम अधिकाऱ्याचं. आमी हात घातला तं घटना मोडते. ते आमच्या अधिकारात नाई!" घटना मोडते म्हणे! कवेलू मोडून राह्यले थे दिसत नाई? अन् मले घटना सांगता? माह्या घरी भिंतीले हाय संविधान, रोज पुसते मी! सत्ता वाटली थे कोणी एकट्यानं माजू नये म्हणून, लेकरायनं मराव म्हणून नाई वाटली!

राह्यलं कोन? न्यायमंडळ. कोर्टात तीन तारखा झाल्या. जजसाहेब भले, सारं ऐकलं. "बाई, मुद्दा गंभीर आहे. सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करा." मी हात जोडले, "साहेब, थो सक्षम कोन हाय, तेवढं सांगा ना!" "ते ठरवणं आमच्या अधिकारात नाही."

अरे, मंग तुमी वाटून घेतलं तरी काय? अधिकार सारे वाटले अन् काम कोणाच्याच वाट्याले नाई आलं? तुमाले सांगते, डोस्कं फिरलं माह्यं! सोमवारी अठरा लेकरं, खिचडीचा गंज, फळा, वजनकाटा, सारं उचललं अन् माह्या ओसरीत आणलं. नाई विचारलं कोणाले! गुरुवारी भर दुपारी, खिचडीच्या टायमाले, वारा सुटला अन्... धडाम! अंगणवाडीचे कवेलू, आढ्याची मयाल, भिंत, सारं भुईसपाट. मी ओसरीत बसून एकेका लेकराच्या डोक्याले हात लावून मोजलं. तीनदा मोजलं.

अन् मंग पाहा गर्दी! जीपा आल्या, टेप आला, फोटो निघाले. झाडाची लांबी मोजली, जाडी मोजली, पंचनामा झाला. वर्षभर एक अर्ज हलला नाई, पण मले पत्र आलं चौथ्या दिवशी! 'शासकीय अंगणवाडी विनापरवानगी खासगी घरात हलविण्याचा निर्णय आपण कोणत्या अधिकारात घेतला, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.'

देला जी खुलासा. काय करता, नोकरी हाय... लिवलं, "साहेब, चूक झाली, माफी असावी. अठराच्या अठरा लेकरं जिती हायत."