रस्त्यापल्याडची चूल

—नाई नाई साहेब, तुमी पयले बसा. उभ्या उभ्या कोठी चौकशी होते का? चहा येऊन राहिला. हा भातकुलीचा रस्ता पायला नं? याच्या अल्याड आमची ग्रामपंचायत, मी खुशालराव सरपंच. पल्याड चतुराबाईची. मधात निस्तं डांबर. मीच अर्ज केला का दोन्ही गावं एक करा — हाव, मीच. काहून? अहो, या रस्त्यानं मले सरपंच होऊच देल्लं नाई!

चूक माहीच. पल्याडचे लोक ओढाचे म्हून ग्रामसभेत ठराव आणला — ज्याची चूल ज्या बाजूले पेटते, थो त्या गावचा. चतुराबाईनंई तसाच करून टाकला. मले वाटलं, माणूस शेगडी घेऊन थोडीच पळते? पळते बाप्पा! मंग मी फक्त इतकाच एक ठराव काढला, का दुपारी सरपंच झोपते, गावात कोणी बोलाचं नाई. वाईट होतं काय? आमचा टेलर इनायतुल्ला — "खुशालराव, गिऱ्हाइकाले माप काय इशाऱ्यानं इचारू?" म्हणे, अन् शेगडीसंग मशीनई घेऊन गेला पल्याड. त्याच्या मांगं अख्खी गल्ली. मंग काय, थो झोपेचा ठराव मांगं घेतला, वरून थंड पाण्याचं मशीन लावलं, तवा आले वापस. पुढं चतुराबाईले लहर आली — रोज सकाळी साऱ्यांनी तिच्या दारासमोर वाकून जाचं! तिचे लोक शेगड्या घेऊन माह्याकडं! मी ढोल लावला, ढोल! तिनं मुकाट्यानं हुकूम गुंडाळला अन् लोकायले खूश कराले नाल्या बांधल्या. मंग मलेई बांधा लागल्या. आता पाहा — नाल्या हायेत, दिवे हायेत, पाणी थंड हाये, कोणावर जबरदस्ती नाई. पण माह्या मनासारखं काय झालं? काईच नाई! हसता काय साहेब? याले काय राज्य करणं म्हणते? एक गाव करा, मंग पाहतो कोठी जातात शेगड्या घेऊन!

—कोण? थे, समोरच्या ओट्यावर, हिरव्या लुगड्याची? शेजारीण हाये. जाऊ द्या नं... बरं बाप्पा, बायको हाये माही. पार्वताबाई. काय झालं, मी घरातई एक ठराव केला — भाजीत मीठ मले इचारून टाकाचं. इतकंच! तिनं शेगडी उचलली, ऐन पोळ्याच्या दिवशी, साऱ्या गावादेखत. तवापासून थे तिकडून हाक मारते अन् मी जेवाले परगावी जातो — रस्ता ओलांडून. तिच्या ओट्यावर बसतो, जे वाढीन ते खातो, मस्त झालं म्हणतो अन् वापस येतो. घर खायाले उठते साहेब. करमतच नाई तिच्याशिवाय, खोटं काहून बोलू? म्हून हा अर्ज. गाव एक झालं का तिचं पल्याड संपलं, झक मारत घरी येते. ठराव? थो मी मांगं घेणार नाई. सरपंच हाये मी!

काय म्हणता? पल्याड नसलं त थे जाईन कोठी? कोठी जाईन... अमरावतीले जाईन. राजापेठेत आमची पोरगी राहते, पौर्णिमा, तिनं खोली झाडून ठेवली हाये म्हणते आईसाठी. कवाची बोलावून राहिली. नाई, गेली नाई अजून. कशी जाईन, अथी रस्ता ओलांडला का झालं नं तिचं... अन् एकडाव गेली का मंग राजापेठेतून तिची हाक कोठून आयकू येणार मले?

...

उठा साहेब. चहा राहू द्या. नाई, बिमारबिमार नाई मी. थो अर्ज फाडून टाका. गावं हायेत तशीच राहू द्या, अन् हा रस्ता रुंदई करू नका. आयकलं का? मले बोलावून राहिली थे. मिठाचं काय इचारता, मरू द्या थे मीठ! — आलो वं, आलो! — जा नं साहेब तुमी, मले जेवाले जाचं हाये.